यंत्र जुने चालेल, जागा अचूक हवी

मेटल डिटेक्टर म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे येते ती मॉलच्या अथवा मंदिराच्या प्रवेशद्वारावरची चौकट आणि सुरक्षारक्षकाच्या हातातील दांडके. ब्रिटनमध्ये मात्र या शब्दाबरोबर वेगळे चित्र उभे राहते. कानाला हेडफोन, पायात गमबूट, हातातील लांब दांड्याच्या टोकाला थाळीएवढी चकती आणि पाठीशी लहानसे फावडे अशा थाटात नांगरलेल्या शेतातून सावकाश चालणारा माणूस तेथील ग्रामीण भागात कोणालाही नवा नाही. सुटीचा दिवस, बोचरा वारा आणि पायाखालचा चिखल यांत आनंद मानणारे हजारो हौशी शोधक त्या देशात आहेत. कायद्याने 'निधी' ठरू शकतील अशा शोधांची संख्या इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये अलीकडे दरवर्षी एक हजाराच्या वर असते; २०२२ मध्ये ती १,३०० च्याही पुढे गेली. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक शोध या हौशी मंडळींचेच असतात.

या छंदात नव्याने उतरणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर्वांत चांगले यंत्र कोणते? प्रश्न स्वाभाविक आहे. शे-दोनशे पौंडांपासून हजार-दीड हजार पौंडांपर्यंतची यंत्रे बाजारात मिळतात आणि प्रत्येक नवे यंत्र आधीच्यापेक्षा खोलवरचे सांगते, असा दावा असतो. पण गेल्या तीन-चार दशकांतील मोठे शोध तपासले, तर यशाचे श्रेय यंत्राला फारसे देता येत नाही. शोधक कोणत्या जमिनीवर चालला, यालाच सर्वाधिक महत्त्व असल्याचे दिसते. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे योग्य वेळी हात आवरता येणे. तिच्याकडे नवशिक्यांचेच नव्हे, तर मुरलेल्या शोधकांचेही दुर्लक्ष होते.

पहिल्या मुद्द्याचे सर्वांत बोलके उदाहरण २००९ मधील आहे. त्या वर्षीच्या जुलैमध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात, लिचफिल्ड गावाजवळ, एका शोधकाला नांगरलेल्या शेतात सोन्याचे तुकडे मिळू लागले. पाच दिवस तो वेचत होता. तलवारींच्या मुठींवरील नक्षीदार पत्रे, लाल गार्नेट बसवलेली कोंदणे, वाकवलेला क्रूस असा सातव्या शतकाच्या आसपासचा ऐवज त्याला मिळाला. तज्ज्ञांनी तेथे रीतसर उत्खनन केल्यानंतर आणि पुढील अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर या साठ्याची मोजदाद सुमारे ४,६०० तुकडे, जवळपास चार किलो सोने आणि दीड किलोहून अधिक चांदी अशी झाली. अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचा एवढा मोठा साठा दुसरा मिळालेला नाही. त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती शोधक व शेतमालक यांच्यात निम्मी निम्मी वाटली गेली. शोधकाच्या हातातील यंत्र त्या वेळी चौदा वर्षांचे जुने होते, अशी नोंद तेव्हाच्या वृत्तपत्रांनी आवर्जून केली होती. त्यामानाने शेताच्या जागेची चर्चा कमी झाली. ते शेत वॅटलिंग स्ट्रीट या रोमनांनी बांधलेल्या आणि नंतरच्या काळातही वाहत्या राहिलेल्या राजमार्गाच्या अगदी कडेला आहे.

खोलीचे गणित

यंत्राला मर्यादा का पडते, हे समजण्यासाठी त्याचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहावे लागेल. चकतीच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला जातो. त्यामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात एखादा धातूचा तुकडा आला, की त्याच्या अंगातही भोवऱ्यासारखे फिरणारे बारीक प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. मूळ लहर आणि परतलेली लहर यांत किती अंतर पडले, यावरून धातू लोखंडाचा की तांब्या-चांदीचा याचा अंदाज यंत्र बांधते आणि शोधकाच्या कानात तसा सूर वाजवते.

खरी गोम अंतरात आहे. चकतीपासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र झपाट्याने क्षीण होते. जाताना ते क्षीण होते आणि परतणारी लहरही तितक्याच वेगाने क्षीण होत येते. परिणामी, चकतीच्या आकाराच्या मानाने वस्तू खोल असेल, तर खोली दुप्पट होताच मिळणारा संदेश सुमारे चौसष्टावा हिस्सा उरतो. निसर्गाने घातलेले हे कुंपण पैशाने ओलांडता येत नाही. उत्तम यंत्रालाही रुपयाएवढे एकटे नाणे सामान्य जमिनीत वीतभर, फार तर त्याहून थोडे अधिक खोल ऐकू येते. चकती मोठी घेतली तर खोली वाढते, पण बारीक नाणी निसटू लागतात. नाण्यांनी भरलेला हंडा अर्थातच अधिक खोलवरूनही आवाज देतो. पण हंड्यावरून चकती जाईल अशी वाट आधी निवडावी लागते.

धातू ओळखण्याची यंत्राची शक्तीही जाहिरातीत दिसते तेवढी खात्रीची नाही. लहान सोन्याची अंगठी आणि चॉकलेटच्या वेष्टनाची किंवा शीतपेयाच्या डब्याच्या झाकणाची अॅल्युमिनियमची कडी यंत्राला जवळपास सारखीच भासते. कचऱ्याला कंटाळून 'अॅल्युमिनियम नको' अशी कळ दाबणारा शोधक त्याबरोबर बरेचसे सोनेही नाकारत असतो, हे त्याच्या गावीही नसते. त्यामुळे मुरलेली मंडळी लोखंडाचा खरखरीत आवाज सोडून बाकी जवळपास प्रत्येक आवाज खणतात. दिवसाअखेर खिशात शिशाचे गोळे, कोटाची बटणे, काडतुसांची टोपणे आणि ट्रॅक्टरचा एखादा भाग निघतो. बहुतेक दिवसांची कमाई एवढीच असते, हे या छंदाच्या रंगीत पुस्तिकांत कोणी छापत नाही.

नांगर हाच खरा मदतनीस

यंत्र वीतभर खोल पाहते आणि शेतातील नांगरटही साधारण तेवढीच माती हलवते. हा योगायोग शोधकाच्या पथ्यावर पडतो. जमिनीत शतकानुशतके निश्चल पडलेली वस्तू नांगराच्या फाळाने वर येते, पुढच्या वर्षी पुन्हा खाली जाते. त्यामुळे 'हे शेत आता संपले' असे म्हणण्यात अर्थ नसतो. स्टॅफर्डशायरच्या त्याच शेतात २०१२ च्या नोव्हेंबरात पुन्हा नांगरट झाल्यावर पुरातत्त्वज्ञांनी फिरून शोध घेतला, तेव्हा त्याच साठ्यातील आणखी ८१ वस्तू मिळाल्या. तीन वर्षांपूर्वी याच जमिनीवर तज्ज्ञ आणि यंत्रे दोन्ही येऊन गेली होती.

हंगामही याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. उन्हाळ्याअखेर गव्हाची कापणी झाल्यापासून नवी पेरणी होईपर्यंतचे काही आठवडे हा इंग्लंडमधील शोधकांचा सुगीचा काळ. धसकटे उंच असतील तर चकती जमिनीला टेकत नाही. आणि चकती चार बोटे वर राहिली, तर तेवढीच खोली हातची जाते. ढेकळे फुटून जमीन सपाट झालेली असावी, शक्यतो एखादा पाऊस पडून गेलेला असावा. चालण्याची रीत मात्र कोणी शिकवल्याशिवाय सहसा येत नाही. नवशिका चकती पेंडुलमसारखी झुलवतो, त्यामुळे दोन्ही टोकांना ती जमिनीपासून उचलली जाते. जाणता शोधक ती जमिनीला समांतर ठेवतो, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवतो आणि तासाभरात जेमतेम काही गुंठे जमीन पुरी करतो. हजार पौंडांचे यंत्र घेऊन घाईने चालणाऱ्याच्या मागून जुने यंत्र घेतलेला सावकाश माणूस नाणी वेचत जातो, असा अनुभव शोधकांच्या मेळाव्यांत नेहमी सांगितला जातो.

पण सावकाश चालायचे तरी कोठे? जेथे पूर्वी माणसांची वर्दळ नव्हती, तेथे कितीही चालले तरी हाती काही लागणार नाही. म्हणून यशस्वी शोधकाचा निम्मा वेळ शेताबाहेर, नकाशे आणि जुने दप्तर चाळण्यात जातो. इंग्लंडमध्ये याबाबतीत चंगळ आहे. १०८६ मध्ये तयार झालेल्या 'डूम्सडे बुक'मध्ये गावोगावच्या जमिनींची आणि गिरण्यांची नोंद आहे. १८४० च्या सुमारास चर्चच्या दशांश कराच्या आकारणीसाठी प्रत्येक शेताचे नकाशे काढले गेले आणि त्यांत शेतांची नावेही लिहिली गेली. अलीकडे विमानातून लेझरचे किरण सोडून केलेल्या जमिनीच्या मोजणीची माहिती तेथील सरकारी यंत्रणेने सर्वांसाठी खुली केल्याने, डोळ्यांना न दिसणारे जुने बांध, खंदक आणि बुजलेले रस्ते घरबसल्या संगणकावर पाहता येतात.

या शोधात नावे फार उपयोगी पडतात. मँचेस्टर, लँकेस्टर, वूस्टर, लेस्टर ही नावे आपल्याकडील वाचकांना क्रिकेटमुळे परिचित आहेत. त्यांतील शेवटचा भाग रोमन छावणीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. एखाद्या आडगावच्या शेताचेही नाव असे असेल, तर शोधक कान टवकारतो. 'ब्लॅकलँड्स' हे शेताचे नावही असेच. जुन्या वस्तीची राख, शेण, केरकचरा मिसळून माती काळी पडते, म्हणून ते नाव. आपल्याकडे नेमके उलट आहे. महाराष्ट्रात शेताची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडात जुन्या खापरांचा खच असतो, हे खेड्यातील कोणीही सांगेल आणि आपल्या पुरातत्त्वज्ञांनीही अनेक प्राचीन वस्त्या याच खुणेने हुडकल्या आहेत.

नाव आणि नकाशा यांच्याइतकीच मोलाची असते ती म्हाताऱ्याकोताऱ्यांची आठवण. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील जर्सी बेटावर दोन शोधक एकाच शिवारात जवळपास तीस वर्षे फिरत होते. त्या भागात फार पूर्वी चांदीची नाणी निघाल्याचे एका स्त्रीने त्यांना सांगितले होते. एवढाच काय तो धागा. शेतमालकाची परवानगी होती, पण तीही कापणीनंतरच्या थोड्याशा काळापुरती. अखेर २०१२ मध्ये त्यांच्या यंत्राने जोरदार आवाज दिला. थोडे खणताच नाण्यांचा थर लागला आणि ते थांबले. तज्ज्ञांनी मातीसकट उचललेला तो गोळा पाऊण टनाच्या घरात भरला. त्यातून नाणी एकेक करून सोडवायला पुढे काही वर्षे लागली आणि मोजणी ६९,३४७ वर थांबली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील केल्टिक टोळ्यांची ही नाणी होती. २०२१ मध्ये जर्सीच्या सरकारने हा निधी साडेबेचाळीस लाख पौंडांना घेतला. तीस वर्षांत त्या दोघांनी यंत्रे बदलली असतीलच. शिवार मात्र बदलले नाही.

थांबता येणे

जर्सीच्या शोधकांनी हात आवरला, हे या कथेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. त्याचा अर्थ समजण्यासाठी आणखी वीस वर्षे मागे जावे लागते. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातील हॉक्सनी या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधून देण्यासाठी त्याने एरिक लॉज या निवृत्त माळीकाम करणाऱ्या मित्राला बोलावले. लॉज यांना निवृत्तीची भेट म्हणून मेटल डिटेक्टर मिळाला होता. हातोड्याऐवजी त्यांना चांदीचे चमचे, सोन्याच्या साखळ्या आणि नाणी मिळू लागली. थोड्या वस्तू वर काढल्यावर हा ऐवज साधा नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी खणणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ती जागा शास्त्रीय पद्धतीने उकलली.

तेथे सुमारे पंधरा हजार रोमन नाणी आणि सोन्या-चांदीच्या दोनशेच्या आसपास वस्तू मिळाल्या. पण या निधीचे मोल केवळ सोन्यात नाही. लाकूड कधीच कुजून गेले होते. तरी बिजागऱ्या, लहान कुलुपे आणि वस्तूंची मांडणी जागच्या जागी असल्याने सारा ऐवज एका ओकच्या पेटीत, आतल्या लहान डब्यांत, गवत घालून नीट रचून ठेवला होता, हे उलगडता आले. सर्वांत नवी नाणी इसवी सन ४०७-४०८ ची असल्याने, रोमन सत्ता ब्रिटनमधून पाय काढता घेत असताना कोणा धनिक कुटुंबाने निगुतीने ठेवलेली ही पुंजी असावी, असा तर्क करता आला. लॉज यांनी सगळेच पिशवीत भरून नेले असते, तर वस्तू तेवढ्याच मिळाल्या असत्या, पण पेटी कोणालाच दिसली नसती. सरकारने साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस दिले आणि लॉज यांनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हरवलेला हातोडाही सापडला. तो आज निधीबरोबर ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

उलट उदाहरण हेरफर्डशायर परगण्यातील लेमिन्स्टर गावाजवळचे. जून २०१५ मध्ये दोन शोधकांना तेथे व्हायकिंग काळातील निधी मिळाला. सुमारे तीनशे नाणी, सोन्याची अंगठी, बांगडी, स्फटिकाचे लटकन आणि चांदीची लगड असा तो ऐवज होता. जागेची निवड अचूक होती, यंत्र चालवण्याचे कसब होते, नशीबही होते. त्यांनी शोध मात्र दडवला आणि नाणी परस्पर विकायला सुरुवात केली. पोलिसांना आरंभी हाती लागली ती केवळ एकतीस नाणी. त्यांतील काहींवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ यांच्या काळातील, दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले चित्र होते. या दोन राजांत दीर्घकाळ आघाडी होती आणि केओलवुल्फ हा केवळ व्हायकिंगांच्या हातचे बाहुले नव्हता, या मताला या नाण्यांनी बळ दिले. बाकीच्या नाण्यांवर काय होते, हे त्यांतील बहुतेक विखुरली गेल्याने सांगता येत नाही. २०१९ मध्ये दोघांना अनुक्रमे दहा आणि साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. रीतसर कळवले असते तर कायद्यानेच त्यांच्या वाट्याला लाखो पौंड आले असते.

हे पैसे येतात कसे, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात शोधक आणि पुरातत्त्वज्ञ यांच्यात उभा दावा होता. सरे परगण्यातील वॉनबरो येथील रोमन मंदिराची जागा १९८३ नंतर चोरट्या शोधकांनी अक्षरशः चाळून काढली, हजारो नाणी गेली आणि जुना कायदा तोकडा असल्याचे उघड झाले. त्यातून १९९६ चा निधी कायदा आला. तीनशे वर्षांपेक्षा जुनी आणि किमान दहा टक्के सोने-चांदी असलेली वस्तू, तसेच एकत्र सापडलेली जुनी नाणी मिळाल्यास चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावे लागते. (हे पद १९९९ पर्यंत मुंबईतही होते, अर्थात तेथे काम मृत्यूच्या चौकशीचे.) एखाद्या संग्रहालयाला वस्तू हवी असेल, तर स्वतंत्र समिती बाजारभावाने किंमत ठरवते आणि ती शोधक व जमीनमालक यांना सहसा निम्मी निम्मी मिळते. २०२३ मध्ये या व्याख्येत भर पडली. २०१० मध्ये कंब्रियात सापडलेले देखणे रोमन शिरस्त्राण काशाचे असल्यामुळे 'निधी' ठरले नाही आणि लिलावात सुमारे तेवीस लाख पौंडांना खासगी संग्राहकाकडे गेले. त्या धक्क्यानंतर आता दोनशे वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही, त्यात सोने-चांदी नसले तरी, कायद्याच्या कक्षेत आल्या आहेत.

कायद्याच्या जोडीला १९९७ पासून एक ऐच्छिक नोंदणी योजनाही आहे. साधे बटण, बक्कल किंवा झिजलेले नाणे घेऊन शोधक परगण्यातील अधिकाऱ्याकडे जातो. अधिकारी वस्तू, तिचे वजन आणि सापडल्याची नेमकी जागा नोंदवून ती परत देतो. या नोंदी आता पंधरा लाखांच्या वर गेल्या आहेत. एकेकटी क्षुल्लक वाटणारी वस्तू नकाशावर ठिपका होऊन बसली, की इतिहास बोलू लागतो. १४८५ मध्ये राजा तिसरा रिचर्ड जेथे मारला गेला, ते बॉसवर्थचे रणांगण पिढ्यान् पिढ्या एका टेकडीवर दाखवले जात असे. २००५ पासून अभ्यासकांनी आसपासच्या शिवारात ठराविक अंतरावरच्या समांतर रेषांत डिटेक्टर फिरवले आणि प्रत्येक वस्तूची जागा टिपली. तीसहून अधिक तोफगोळे व शिशाचे गोळे आणि रिचर्डचे चिन्ह असलेला चांदीचा लहानसा रानडुक्कर टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटरवर मिळाला. विकायला गेले तर त्या गोळ्यांना काय भाव येणार! पण त्यांनी रणांगण हलवले.

अर्थात सगळेच शोधक असे वागत नाहीत. संरक्षित स्मारकांच्या जागी लेखी परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणे हा तेथे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मालकाला न विचारता शेतात शिरणे आणि वस्तू उचलणे ही तर सरळ चोरी. तरीही रात्रीच्या अंधारात येणाऱ्या टोळ्या आहेतच. तेथे त्यांना 'नाइटहॉक' म्हणतात. परवानगी मिळवणे हा छंदातील सर्वांत कंटाळवाणा भाग असल्याची तक्रार प्रामाणिक शोधकही करतात. मात्र जर्सी, हॉक्सनी, स्टॅफर्डशायर या तिन्ही ठिकाणी शोधकाला शेतमालकाचे दार उघडे होते, हे विसरता येत नाही. ज्याला पुन्हा पुन्हा त्याच शेतात येऊ दिले जाते, त्यालाच नांगराचा फायदा मिळतो.

भारतात काय?

महाराष्ट्रात गुप्तधनाचे वेड नवे नाही. पायाळू माणूस, अमावास्या, उतारा यांपासून नरबळीपर्यंत त्याची मजल गेली आहे आणि म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरवली गेली. ब्रिटनसारखा छंद मात्र येथे रुजलेला नाही आणि कायद्याची चौकटही त्याला पोषक नाही. १८७८ चा भारतीय निधी कायदा अजूनही लागू आहे. जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची दडलेली वस्तू त्याच्या कक्षेत येते. ती कोणाला, कोठे, केव्हा मिळाली हे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा मागताच हजर करण्याची हमी द्यावी लागते. न कळवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालक निष्पन्न झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा व उरलेला जमीनमालकाचा. ऐकायला हे उदार वाटते. पण सरकारने वस्तू स्वतःकडे घ्यायची ठरवली, तर मिळते ती धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. प्राचीन नाण्याचे मोल वजनकाट्यावर ठरवणाऱ्या या तरतुदीमुळे, सापडलेला हंडा सराफाकडे वितळवण्याचा मोह वाढतो की कमी होतो, याचा विचार व्हायला हवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर व निर्यातीवर १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे निर्बंध आहेत, तर संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जागच्या जागी नोंद न झाल्याने काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका स्थानिक रहिवाशाला झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या : बैलजोडी आणि सारथ्यासह रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून वजन साठ किलोहून अधिक. भारतीय प्राचीन धातुकलेतील हा असामान्य ठेवा आहे. त्याच टेकाडावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९७५ ते १९७९ या काळात विस्तृत उत्खनन केले. मूर्ती उत्तर हडप्पा काळातील असाव्यात, असे अनेक ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञांचे मत पडले. धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पाहता त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातील असाव्यात, असे इतरांनी म्हटले. मूर्ती उत्खननातील थरांतून न मिळता त्याआधी निघाल्या होत्या, त्यामुळे हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

घराचा पाया खणताना, विहीर उपसताना किंवा शेतात जेसीबी चालवताना जुनी नाणी, मूर्ती अथवा भांडी दिसल्यास खणणे तेथेच थांबवावे. वस्तू घासू अथवा धुऊ नये. माती लागलेल्या नाण्यावरील गंजही अभ्यासकाला माहिती देतो. आहे त्या स्थितीत छायाचित्र घ्यावे, खोली आणि जवळची ठळक खूण लिहून ठेवावी आणि तलाठी अथवा तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयालाही त्याची प्रत पाठवता येते.